प्रमाणपत्र भाचीला मिळालं, लीडरचं कुठे आहे?

प्रति,
बडोद्यातल्या ट्रेकिंग मंडळांचे आणि ट्रेक कंपन्यांचे संचालक,
तसंच शाळा-कॉलेजांची उन्हाळी साहस शिबिरं नेणारे सर्व आयोजक

स.न.वि.वि.

माझ्या भाचीच्या घरी फ्रिजवर एक प्रमाणपत्र लावलेलं आहे. मागे बर्फाचं शिखर, वर सोनेरी अक्षरं, मध्ये तिचं नाव आणि खाली दोन सह्या. गेल्या मे महिन्यात ती तुमच्यापैकीच एका मंडळाबरोबर हिमाचलातली 'सर पास' ही खिंड करून आली. एकोणीस वर्षांची पोर, बर्फ पहिल्यांदा बघितला, खूश आहे. मीही खूश होते. सहज विचारलं, "ही डावीकडची सही कोणाची गं?"

"आमच्या लीडरची, मावशी."

"कुठे शिकला तो?"

ती जरा गोंधळली. "शिकला म्हणजे? तीनदा जाऊन आलाय ना तो."

त्या तुकडीतल्या सगळ्या पोरांना प्रमाणपत्र मिळालं. ज्या एका माणसाला ते खरोखर लागतं, त्याच्याकडे मात्र नाही, आणि ते कुणाला खटकलंही नाही. म्हणून हे पत्र.

मी काही डोंगराबाहेरची बाई नाही. १९९४ साली उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत, आमच्या भाषेत 'निम'मध्ये, बेसिक, म्हणजे गिर्यारोहणाचा पहिला कोर्स, केला. तेखलाच्या कातळांवर हात सोलून घेतले, डोक्रियानी बामक हिमनदीवर घसरता घसरता आइस अ‍ॅक्स रोवून थांबायला शिकले. 'ए' ग्रेड मिळाली. ते प्रमाणपत्र आईनं फ्रेम करून देवघराशेजारी लावलं. परत येऊन दोन महिने झाले नाहीत तोच आमच्या मंडळाच्या सेक्रेटरींनी पाठीवर थाप मारली आणि चाळीस नावांची यादी हातात ठेवली. झाले मी लीडर. पुढची सतरा वर्षं बडोद्याहून माणसं हिमालयात नेत राहिले. मला माणसं नेता येतात का, हे या सतरा वर्षांत कुणी एकदाही विचारलं नाही. मला चढता येत होतं, त्यात सगळं आलं असं सगळ्यांनी धरलं. मीही धरलं.

२०११चा जून. मनालीजवळची हामटा पास ही खिंड. तुकडी बत्तीस जणांची. बडोद्याहून चंदीगडपर्यंत रेल्वे, तिथून रात्रभर बस, मनालीत एक मुक्काम, दुसऱ्या दिवशी जोबरापर्यंत गाडी आणि पुढे चिक्याला तंबू, तिसऱ्या दिवशी बालू का घेरा. आता हेच आकड्यांत बघा. बडोदं समुद्रसपाटीपासून चाळीसएक मीटरवर, मनाली दोन हजारांवर, चिका तीन हजारांच्या थोडं वर, बालू का घेरा साडेतीन हजारांच्याही वर. डोंगरावरच्या वैद्यकाचा साधा नियम असा, की तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका रात्रीत पाचशे मीटरहून जास्त वाढवायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं. हा नियम मला पाठ होता. आमचं वेळापत्रक मात्र परतीच्या तिकिटावरून बनलं होतं, फुप्फुसांवरून नव्हे.

तुकडीत एकवीस वर्षांचा एक मुलगा होता. दर रविवारी पाठीवर दहा किलो घेऊन पावागड चढणारा. चिक्याला त्याला कोरडा खोकला सुरू झाला. मी लवंग आणि खडीसाखर दिली. दुसऱ्या दिवशी, एरवी सगळ्यांच्या पुढे असणारा हा मुलगा सगळ्यांच्या मागून कॅम्पवर आला. "ताई, थकलोय फक्त," म्हणाला. मी सूप पाजलं आणि लवकर झोपायला सांगितलं. खोकला आणि मागे पडणं या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघायच्या असतात, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

रात्री दीडच्या सुमाराला आमच्या स्थानिक गाइडनं तंबूची चेन उघडली. मनालीजवळच्या एका गावातला, पन्नाशीचा, सहीपुरतं लिहिता येणारा माणूस. "मॅडमजी, लडका बैठके सो रहा है." एवढंच म्हणाला. अख्खं निदान त्या वाक्यात होतं. आडवं झालं की श्वास लागत होता, म्हणून पोरगा बसून होता. गाइडनं त्याच्या पाठीला कान लावला, मग मला लावायला सांगितला. केसांची बट कानाजवळ धरून दोन बोटांत चोळली की जसा आवाज येतो तशी बारीक करकर. फुप्फुसांत पाणी भरत होतं. डॉक्टर त्याला 'हेप' म्हणतात. त्यावर खरा उपाय एकच, ताबडतोब खाली उतरवणं. ऑक्सिजन आणि औषधं त्याच्या जोडीला. मी म्हटलं, उजाडल्यावर निघू, अंधारात ओढा कसा ओलांडणार? त्यानं माझ्याकडे वळूनही बघितलं नाही. दोन पोर्टर उठवले, पोराला पाठीला बांधलं आणि तो चालू लागला. चिका मागे टाकून खाली उतरेपर्यंत मुलाच्या ओठांवरचा निळेपणा कमी झाला होता. मनालीच्या दवाखान्यात दोन दिवस राहून तो बरा झाला. आज दोन मुलींचा बाप आहे. दिवाळीला न चुकता फोन करतो.

बडोद्यात परत आल्यावर मंडळानं शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. माझा. 'प्रसंगावधान दाखवल्याबद्दल.' मी ती शाल घेतली, हे इथे लिहून ठेवते. त्या हिवाळ्यात मी लीडरकी सोडली.

त्या रात्री 'ए' ग्रेड माझ्याकडे होती आणि काम त्या गाइडला येत होतं. मी बराच काळ विचार करत राहिले की मला चार आठवडे शिकवलं काय होतं. बेसिकच्या सगळ्या दिवसांत मी आज्ञा पाळल्या. उठा म्हटलं की उठले, दोर बांधा म्हटलं की बांधला, थांबा म्हटलं की थांबले. निर्णय एकही घेतला नाही, कारण तो घ्यायला इन्स्ट्रक्टर होते आणि ते तसंच असायला हवं. चढणं असंच शिकतात. पण पैसे भरून आलेल्या बत्तीस लोकांना, पास डोळ्यांसमोर दिसत असताना, "आज वर जायचं नाही" असं सांगणं हे त्या अभ्यासक्रमात नव्हतं. ते त्याचं कामच नव्हतं.

आपल्याकडच्या संस्थांबद्दल माझी तक्रार नाही. दार्जिलिंगची संस्था १९५४ची, तेनसिंगांच्या एव्हरेस्टनंतरच्या वर्षातली. मग मनाली, उत्तरकाशी, पहलगाम आणि अलीकडची अरुणाचलातली दिरांग. बेसिक, त्यात 'ए' मिळाली तर अ‍ॅडव्हान्स, पुढे सर्च अँड रेस्क्यू आणि मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन. फी सरकारच्या मदतीमुळे सामान्य घरातल्या पोरांनाही परवडते. आपल्या गुजरातचीही स्वामी विवेकानंदांच्या नावाची संस्था आहे, अबूला. राज्य आपलं, डोंगर राजस्थानचा. आपल्याकडे डोंगरांची चणचण, त्याला कोण काय करणार! बडोद्याची कितीतरी पोरं तिथे कातळ चढायला शिकली. पण यातलं एकही प्रमाणपत्र 'हा माणूस गिऱ्हाइकांना डोंगरावर न्यायला लायक आहे' असं म्हणत नाही. बेसिक सांगतं की हा चढू शकतो. मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन सांगतं की हा शिकवू शकतो. नेऊ शकतो का, हा प्रश्नच कुणी विचारलेला नसतो. तुमच्या पोस्टरवर मात्र 'निम सर्टिफाइड गाइड' असं छापून येतं. निमनं असं कधी म्हटलं हो?

आल्प्समध्ये हा प्रश्न फार जुना आहे. १८२० साली माँ ब्लांवर हिमलोटात तीन वाटाडे गेले. पुढच्याच वर्षी शामोनीच्या वाटाड्यांनी आपली संघटना बांधली: काम पाळीपाळीनं वाटायचं आणि संकटात सापडलेल्या सोबत्यांच्या घरांसाठी निधी ठेवायचा. आणखी दीडशे वर्षं होत आली तेव्हा, १९६५ साली, ऑस्ट्रिया, फ्रान्स, स्वित्झर्लंड आणि इटलीच्या गाइडांनी मिळून आंतरराष्ट्रीय महासंघ काढला. (गंमत म्हणजे आमची निमही त्याच वर्षीची, १४ नोव्हेंबरची.) त्या महासंघाचा बिल्ला छातीवर लावायला काही वर्षं जातात. कातळ, बर्फ, हिमनदी, स्की, सगळ्यांत परीक्षा, आणि मधल्या काळात उमेदवारी. पात्र गाइडच्या नजरेखाली खऱ्या गिऱ्हाइकांना घेऊन जायचं, चुका करायच्या त्या तेव्हा. शेजारच्या नेपाळची संघटना २०१२ साली त्या महासंघात गेली. आपल्या देशाची संघटना त्यात नाही. जगातल्या सगळ्यात उंच डोंगररांगेचा एवढा मोठा भाग आपल्याकडे असून नाही.

थांबा, लगेच हात झटकू नका. केदारकांठाला पोरं न्यायला तो बिल्ला लागतो असं मी म्हणत नाही. दोर लावून, हिमनदीवरून माणसं नेणारा गाइड वेगळा आणि पायवाटेनं नेणारा लीडर वेगळा. हा फरक जगानं कधीच केला आहे. ब्रिटनमध्ये चालण्याच्या डोंगरांसाठी 'माउंटन लीडर' ही वेगळी पात्रता १९६४पासून आहे. तिच्या प्रशिक्षणाला बसण्याआधी स्वतःच्या नोंदवहीत किमान २० डोंगरदिवसांची नोंद लागते आणि परीक्षेआधी किमान ४० दिवसांची. दिवस म्हणजे कुणाच्या तरी मागून चाललेला दिवस नव्हे. वाट स्वतः ठरवली, नकाशा स्वतः वाचला, मुलूख नवा होता, असा दिवस. एकाच वाटेवर पुन्हा पुन्हा जाऊन वही भरत नाही. परीक्षा पाच दिवसांची, त्यात रात्रीच्या अंधारात होकायंत्रावर वाट काढणं आलं, आणि प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र वेगळं. आता भाचीचं वाक्य आठवा. 'तीनदा जाऊन आलाय ना तो.' म्हणजे एकच वाट, तीनदा, तीही चांगल्या हवेत आणि पुढे स्थानिक गाइड असताना. त्या वहीत याचे किती दिवस धरले जातील?

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. बडोदं हे आखाड्यांचं गाव. जुम्मादादा व्यायाम मंदिरात प्रो. माणिकरावांच्या परंपरेत वाढलेले आजोबा तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या घरात होते. मलखांबावर उत्तम उड्या मारणाऱ्या पोराला कुणी वस्ताद म्हणत नसे. त्याला आधी खाली उभं करत, पडणाऱ्याला झेलायला. कोण कधी सुटणार हे हात सुटायच्या आधी ज्याला दिसतं, तो वस्तादाच्या वाटेला लागला. माझ्या हामट्याच्या गाइडला ते दिसत होतं. बसून झोपलेला मुलगा आमच्यासमोरही होता, आम्हाला तो दिसला नाही.

तुमची उत्तरं मला ठाऊक आहेत, मी स्वतः ती सतरा वर्षं दिली आहेत. पहिलं उत्तर, "चालशे, बेन." दुसरं, "आमची पोरं स्वयंसेवक आहेत, पगारी नाहीत, त्यांच्या डोक्यावर परीक्षा कशाला?" तिसरं, "खर्च वाढला तर मध्यमवर्गीय मुलं जाणार कशी?" यातलं तिसरं मला खरं वाटतं, त्यावर थोडं बोलते. पहिल्या दोनांबद्दल बोलवत नाही. १८ जानेवारी २०२४ला आपल्याच हरणीच्या तलावात सहलीची बोट उलटली आणि बारा मुलं व दोन शिक्षिका गेल्या. क्षमता किती होती, लाइफ जॅकेटं किती जणांच्या अंगावर होती, चालवणाऱ्याला काय येत होतं, हे सगळं शहरानं नंतर विचारलं. त्या दिवशी बोटीत चढताना कुणी विचारलं असतं, तर त्यालाही "चालशे"च ऐकायला मिळालं असतं.

खर्चाचं म्हणाल, तर तुमच्या एका तुकडीच्या टी-शर्ट, टोप्या, बॅनर, ड्रोनचं शूटिंग आणि ती सोनेरी प्रमाणपत्रं यांची बेरीज करून बघा. दुर्गम भागातल्या प्रथमोपचाराचा 'वाइल्डरनेस फर्स्ट रिस्पॉन्डर' नावाचा वर्ग सत्तर-ऐंशी तासांचा असतो आणि तो आता आपल्या देशातही होतो. मोठ्या मंडळाला वर्षाकाठी दोन लीडर तिथे पाठवणं जड जाऊ नये. त्याची मुदतही दोन-तीन वर्षांत संपते, पुन्हा परीक्षा द्यावी लागते. हे मला फार आवडतं. माझी १९९४ची 'ए' ग्रेड अजून भिंतीवर तशीच ताजी आहे आणि हिमनदीवरची माझी पावलं विसरून जमाना झाला.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. शिकलं म्हणजे डोंगर माणसाला सोडतो असं नाही. ४ ऑक्टोबर २०२२ला द्रौपदी का डांडा-२वर हिमलोट आला, तेव्हा खाली निमचे प्रशिक्षणार्थी आणि प्रशिक्षक होते. एकोणतीस जण गेले. त्यांत सविता कंसवाल होती, त्याच वर्षी मे महिन्यात एव्हरेस्ट आणि मकालू सोळा दिवसांत करून आलेली. माझ्या जुन्या हिमनदीच्या डोक्यावरचंच ते शिखर. ती बातमी ऐकून दोन दिवस मला काही सुचलं नव्हतं. तेव्हा 'प्रमाणपत्र आलं की अपघात संपले' असं सांगणाऱ्यावर मीही विश्वास ठेवणार नाही. पण जून २०२४मध्ये उत्तराखंडातल्या सहस्रतालच्या वाटेवर बावीस जणांची तुकडी वादळात सापडली आणि नऊ जण परतले नाहीत, तेव्हा जो प्रश्न मला पडला तोच तुम्हालाही पडला असेल: आपली तुकडी तिथे असती तर मागे फिरायचं कुणी ठरवलं असतं, आणि त्याचं ऐकलं कुणी असतं?

यात एक धोका आहे, तो आधीच सांगते. उद्या परीक्षा आल्या की बडोद्याची, पुण्याची, बंगळुरूची शिकलेली पोरं पटापट पास होतील आणि माझा हामट्याचा गाइड, ज्याला फॉर्म भरता येत नाही, तो पोर्टर म्हणून त्यांच्या पिशव्या उचलेल. तसं होणार असेल तर परीक्षा नसलेली बरी. परीक्षा तोंडी हवी, डोंगरावर हवी, पहाडी-हिंदीत हवी. नेपाळनं १ एप्रिल २०२३पासून परदेशी ट्रेकरना परवानाधारक गाइड सक्तीचा केला. त्या धोरणावर टीका खूप झाली, पण गावच्या वाटाड्याला हातात धरायला एक कागद मिळाला हे तिथे दिसतं. आपल्याकडे तुमच्या पोस्टरवर 'अनुभवी लीडर' म्हणून गॉगल लावलेल्या बडोद्याच्या पोराचा फोटो असतो. ज्याच्या जिवावर तो लीडर आहे, त्या माणसाचं नावही तुम्हाला ठाऊक नसतं. मलाही त्या गाइडचं आडनाव विचारायचं सुचलं ते २०१५ साली, पुन्हा मनालीला गेले तेव्हा. तो तोवर डोंगर सोडून मुलाच्या दुकानात बसू लागला होता.

सरकार कधी काय करील ते करो. महाराष्ट्रानं २०२१ साली साहसी पर्यटनाचं धोरण काढलं, नोंदणी ठेवली, त्यावरही वाद झालेच. लीडरला काय यायला हवं याचं एक आंतरराष्ट्रीय प्रमाणकही आहे, आयएसओ २११०२. ते कपाटात राहतं की हातात येतं, हे मात्र तुमच्यावर आहे. तुम्ही दहा-बारा मंडळं आहात, एकमेकांना ओळखता, एकमेकांचे लीडर उसने नेता. एका रविवारी कमाटीबागेत बसून ठरवलंत तरी पुरे: वही नसलेला लीडर आम्ही नेणार नाही, आणि दर अमुक मुलांमागे एकाला तरी डोंगरी प्रथमोपचार येत असेल. वेळापत्रकात थांबायचा एक दिवस घाला आणि तो 'साइट सीइंग'च्या नावाखाली खाऊ नका. स्थानिक गाइडला बुकिंगच्या वेळी निवडा, बेस कॅम्पला पोचल्यावर नव्हे, आणि मागे फिरायचा शेवटचा शब्द त्याचा, हे पालकांच्या सभेतच, त्याचं नाव घेऊन सांगा. वही तपासायला माणूस लागला तर मी आहे. माझीही तपासा. पावागडला पाण्या-पावसात, धुक्यात, रात्री नकाशावर वाट काढायची चाचणी घ्यायची असेल तर आधी माझी घ्या; गुडघे कुरकुरतात, पण होकायंत्र अजून वाचता येतं.

भाचीला या जूनमध्ये हामटा करायचा आहे. तिचा फॉर्म माझ्या टेबलावर पडला आहे, पालक म्हणून सही मी करायची कारण तिची आई दुबईला असते. त्यात रक्तगटाचा रकाना आहे, टी-शर्टच्या साइजचा आहे, जेवण साधं की जैन याचा आहे, 'होणाऱ्या कोणत्याही दुर्घटनेस आयोजक जबाबदार राहणार नाहीत' हे जाड अक्षरात आहे. लीडरचं नाव, तो कुठे शिकला आणि प्रथमोपचाराची मुदत कधीपर्यंत, हे रकाने नव्हते. मी पट्टीनं खाली आखून घेतले आहेत, आणि त्यांच्या खाली एक रेघ स्थानिक गाइडच्या नावासाठी. फॉर्म बुधवारी संध्याकाळी तुमच्या ऑफिसात आणून देते. ते तीन रकाने आणि ती रेघ भरून परत मिळाली की सही करीन.

आपली,
एक जुनी ट्रेकर
दांडिया बाजार, बडोदे